मागच्या सीटवरचं वजन

१

रविवारी सकाळी सुरतेतली शहाणी माणसं एक तर झोपलेली असतात, नाहीतर नाश्त्याच्या लोचोवर तेल-चटणी घालून घेत असतात. योगराज मात्र त्या वेळी शहराबाहेरच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत, बंद पडलेल्या एका डाइंग मिलच्या मागच्या रस्त्यावर वाकून खडूची रेघ मारत असे. रेघ मारून झाली की मोटरसायकल लांब मागे न्यायची, चाळीसचा वेग धरायचा आणि पुढचं चाक रेघेवर आलं की दोन्ही ब्रेक लावायचे. पुढचा एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा. मागचा हलका. क्लच अगदी शेवटी. नजर रेघेवर नाही, लांब, मिलच्या धुराड्यावर. गाडी थांबली की उतरून रेघेपासून पावलं मोजायची. चौदा भरायची. कधी साडेचौदा.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरलं हिलालभाऊंनी. ते त्याच्याच चाळीतले, त्याच्यासारखेच खानदेशातून आलेले, तीस वर्षं कामगारांची बस चालवून घरी बसलेले. "ब्रेक पायमा नही ऱ्हास भो, डोकामा ऱ्हास," असं ते सांगत, आणि कुणीतरी ऐकणारा मिळाला म्हणून दर रविवारी स्वतःही स्कूटर घेऊन यायचे. मिलच्या बंद फाटकापाशी उकिडवं बसून बिडी ओढत पावलं मोजायला मदत करायचे.

खूळ म्हणा, पण त्याला कारण होतं. होळीच्या आधी उधन्याच्या पुलाखाली पुढच्या टेम्पोची दोरी सुटली आणि कापडाचा ताका रस्त्यावर पडला. योगराजला तो उशिरा दिसला. त्याने नुसता मागचा ब्रेक दाबला, चाक घसरलं, गाडी हेलकावली, पण त्याने सावरली. पुढे जाऊन त्याने टेम्पोवाल्याला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. मग मोठ्या फुशारकीने म्हणाला, "वाचलो बरं का!" वळून पाहिलं तर सीट रिकामी होती. त्याची बायको सुषमा बरीच मागे, रस्त्याच्या मधोमध, खांदा धरून बसली होती.

गळ्याजवळचं हाड दोन महिन्यांत जुळलं. पण सुषमा पुन्हा गाडीवर बसली नाही. भाजीला चालत, दवाखान्यात रिक्षाने. एकदाच म्हणाली, तेही भाकरी थापता थापता, "हाड तुटनं त्यानं काही नही. मी पडनू ते तुमले कळनंच नही."

योगराजला हे फार लागलं. तो पांडेसऱ्याच्या लूमखात्यात कापड विणणाऱ्या बारा मशीन सांभाळायचा. त्या गदारोळात डोळ्यांनी काय बघणार, तिथे कानांनी काम चालतं. एका मशीनचा धागा तुटून ती थांबली, की आवाजात जी जागा रिकामी होते ती त्याला पाठमोरा असतानाही कळायची. बारातली एक थांबलेली कळणाऱ्या माणसाला पाठीला टेकलेली बायको गेलेली कळली नाही. तिने पुन्हा मागे बसावं, एवढी एकच गोष्ट त्याला आता हवी होती.

२

दसऱ्याच्या आदल्या रविवारी हिलालभाऊ म्हणाले, "एकटा काय थांबस? मागे वजन ठेव. बायको बसनी की सगळी गणितं बदलतस."

योगराजने पोतं भरलं. खाली वाळू, वर खात्यातल्या चिंध्या. खात्याच्या काट्यावर चढवून बरोबर बावन्न किलो केलं, सुषमाचं वजन तेवढंच. पोतं बोचू नये म्हणून त्यावर सुषमाची एक विरलेली, टाकून दिलेली साडी गुंडाळली.

दसऱ्याला चाळीत सगळ्यांनी गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घातल्या. वाहनाची पूजा जोडीने करायची, पण सुषमा काही खाली उतरली नाही. गॅलरीत उभी राहून कपडे वाळत घालत राहिली. शेजारच्या सरलाबाईंना असल्या गोष्टींत फार गती. त्या म्हणाल्या, "बाईनी जागा खाली नको ठेवू. सुपारी ठेव तिना नावनी. पूजा झायी की नदीमा सोडी दे."

खानदेशात हे सर्रास चालतं. बायको माहेरी असली, अडचणीत असली, तर तिच्या जागी सुपारी ठेवून पूजा उरकतात. योगराजने हळदकुंकू लावलेली सुपारी मागच्या सीटवर ठेवली, हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणाला, बस.

नदीवर जायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही. तापी काही सातासमुद्रापलीकडे नव्हती. त्याला वाटलं, सुषमाच्या नावाची आहे तर सरावालाही तीच बरोबर असू दे. त्याने सुपारी पोत्यावरच्या साडीच्या पदरात घट्ट गाठ मारून ठेवली.

पुढच्या रविवारी पोत्यासकट गाडी अठरा पावलांवर थांबली. हिलालभाऊंनी मान डोलावली. "असंच ऱ्हास," म्हणाले.

३

बिघडलं ते चौथ्या रविवारी.

ब्रेक लावला की मागचं वजन पुढे येतं, हे कुणालाही ठाऊक असतं. पोतंही यायचं. ब्रेक लागला की धप्पकन पाठीवर आदळायचं, गाडी थांबली की मागे कलायचं. योगराजला त्या धक्क्याची सवय झाली होती. त्या दिवशी तो रेघेकडे येत असताना धक्का बसला आणि मग त्याने ब्रेक लावला.

आधी त्याचं लक्ष गेलं नाही. पावलं मोजता मोजता मात्र तो मध्येच थांबला. मग त्याने स्वतःची समजूत घातली. दोरी सैल झाली असेल. ॲक्सिलरेटर सोडताना गाडी जराशी मंदावते, त्यात पोतं सरकलं असेल. त्याने दोरी सोडून पुन्हा आवळली, गुडघा लावून आवळली.

पुन्हा तेच झालं. रेघ चारपाच हातांवर असताना पाठीला ओझं टेकलं. आदळलं नाही, टेकलं. मागे बसलेल्या माणसाला पुढचा खड्डा दिसला की ते अंग आकसून चालवणाऱ्याला बिलगतं ना, तसं.

योगराज काही घाबरट नव्हता, पण हुशारी करायला गेला. तिसऱ्या खेपेला त्याने ठरवलं, आज रेघेवर ब्रेक लावायचाच नाही. रेघ आली, गेली. पाठीला काही लागलं नाही. चौथ्या खेपेला पुन्हा ब्रेक न लावायचं ठरवून निघाला आणि रेघ ओलांडून बरंच पुढे गेल्यावर मनात आलं, आत्ता लावू. बोटं अजून हलली नव्हती. मनात नुसतं आलं होतं.

पाठीला ओझं टेकलं.

"काय झायं?" हिलालभाऊ लांबून ओरडले. योगराज गाडीवरून उतरून रस्त्यावर उभा होता आणि पोत्याकडे पाहत होता. पोतं पोत्यासारखंच होतं. साडीच्या निऱ्या वाऱ्याने हलत होत्या.

"काही नही," तो म्हणाला. "दोरी सुटनी."

४

पुढच्या रविवारी त्याने पोतं घरीच ठेवलं. हिलालभाऊंना म्हणाला, आज एकटा करतो, हात साफ राहतो. मन हलकं झालं होतं. उन्हं कोवळी होती, मिलच्या भिंतीवर पारवे घुमत होते. त्याने चाळीसचा वेग धरला, ब्रेक लावला, गाडी झक्क थांबली.

हिलालभाऊ रेघेपासून पावलं टाकत आले आणि बिडी तोंडातून काढून म्हणाले, "अठरा."

"चौदा असतील."

"माले मोजता येस बरं."

योगराजने स्वतः मोजली. अठरा. पुन्हा गाडी मारली. पुन्हा अठरा. हिलालभाऊंनी टायर दाबून पाहिलं, चेन पाहिली, शेवटी ब्रेकशूवर खापर फोडलं. सोमवारी योगराजने दोन्ही ब्रेकशू नवे टाकले. मेकॅनिकने गाडी स्टँडवरून काढली, मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "मागे काय ठेवता का हो? बसलाय."

दुसऱ्या रविवारी, नव्या शूवर, रिकाम्या सीटवर, अठरा पावलं भरली. हिलालभाऊंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "आते बस कर योगराज. शिकी गया तू." त्यानंतर ते आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

५

माणूस स्वतःला पटवायला बसला की काय वाटेल ते पटवतो. योगराजने पटवलं, की हे सगळं लक्षाचं आहे. आठ महिने आपण एकाच गोष्टीकडे लक्ष लावलं, मागे कोण आहे, मागे कोण आहे. आता मागे कुणी नसलं तरी अंगाला भास होतो. खात्यातून घरी आल्यावर रात्री कानात मशीन चालतातच की.

पण खात्यातच एक दिवस नको ते झालं. दुपारची वेळ, बाराच्या बारा मशीन चालू. योगराज सहाव्या मशीनवर वाकला होता. त्याला मागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. वळून पाहायचं त्याच्या मनात आलं, आणि मनात येताक्षणी पाठीला ओझं टेकलं. तेच, ओळखीचं. बावन्न किलोचं. तो वळला नाही. धागा जोडत राहिला. त्या पाच मिनिटांत तीन मशीन थांबल्या आणि त्याला एकही कळली नाही. मुकादमाने येऊन खांद्यावर थाप मारली तेव्हा तो केवढ्याने तरी दचकला.

त्या संध्याकाळी त्याने जिन्याखालचं पोतं ओढून काढलं. साडीच्या पदराची गाठ सुटता सुटेना, दातांनी सोडवावी लागली. आत हळदीचा पिवळा डाग होता. सुपारी नव्हती.

उंदराने नेली असेल, त्याने ठरवलं. पण साडीला भोक नव्हतं. त्याने पदर उजेडात धरून इंच इंच पाहिला, मग घडी घातली. उंदीरच, त्याने पुन्हा ठरवलं.

जिन्यात सरलाबाई भेटल्या. "सुपारी सोडी का रे नदीमा?"

"कधीच," योगराज म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने किराणावाल्याकडून एक नवी सुपारी घेतली, पुलावर गाडी लावली आणि हात जोडून ती तापीत टाकली. परत येऊन गाडीवर बसला तेव्हा शॉकअप दोनदा दबला. एकदा तो बसला तेव्हा. आणि त्यानंतर.

६

या सगळ्यात चांगली गोष्ट एकच झाली, आणि तीच वाईट. सुषमा बघत होती.

ती रोज गॅलरीतून तो जाताना बघायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "तुम्हीन हल्ली कितला सांभाळी चालवतस. गतिरोधक आला की आधीच हळू करतस. मागे कोणी बशेल शे असं वाटस."

योगराजचा घास हातातच राहिला.

"रविवारी नूतनना घर बारसं शे," ती म्हणाली. नूतन तिची धाकटी बहीण, सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात दिलेली. "रिक्षा नको आते. तुमनासंगे येसू."

आठ महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आमटीच्या वाटीवरून सरकत त्याच्यापुढे आलं. त्याला भडभडून आलं. आणि मागची सीट रिकामी नाही, हेही आठवलं.

"गाडी जरा बरोबर नाही," तो म्हणाला. "ब्रेक..."

सुषमाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू मिटला. "मन्हीच येळले गाडी बरोबर नही रहास," ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली. भांड्यांचा फार आवाज झाला.

योगराजने हातातला घास ताटात ठेवला. सांगायचं तरी काय? पोत्यावरून सुरुवात करायची की सुपारीवरून? आपणच तिच्या जागी कुणाला तरी बस म्हणालो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि हे ऐकल्यावर ती जन्मात पुन्हा मागे बसेल का? शेवटी तो मोरीपाशी जाऊन उभा राहिला.

"बरोबर आहे गाडी," तो म्हणाला. "रविवारी दहाला निघू."

७

रविवारी तिने मोरपंखी साडी नेसली, बाळासाठी घेतलेल्या झबल्याटोपड्याची पिशवी घेतली. जिन्यावरून सरलाबाईंनी पाहिलं आणि तोंडभर हसल्या. योगराजने गाडी सुरू केली, दोन बोटं ब्रेकवर ठेवली.

सुषमा नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसली. मग थोडी हलली, पुन्हा हलली.

"थोडा पुढे सरका ना," ती म्हणाली. "जागा पुरत नही."

योगराज पुढेच होता. टाकीला मांड्या लागल्या होत्या. तो आणखी पुढे सरकला. "आता?"

"हा. आते बरं शे." तिने उजवा हात त्याच्या कमरेभोवती टाकला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण चाळीदेखत असा हात तिने कधी टाकला नव्हता. योगराजला आनंद झाला, आणि पाठीला तिचा स्पर्श कसा होतोय हे कळण्यासाठी त्याने सगळा जीव पाठीत आणला. पाठ ऊबदार होती. त्यातलं सुषमाचं किती, हे त्याला सांगता येत नव्हतं.

त्याने इतकी सांभाळून गाडी आयुष्यात चालवली नव्हती. पुढच्या रिक्षाच्या चाकांवर नजर, आरशावर नजर, कडेला उभ्या गाड्यांच्या दारांवर नजर. पुलाखाली, जिथे ती पडली होती तिथे, त्याने वेग आणखी कमी केला. सुषमाचा हात किंचित आवळला गेला, एवढंच. पुढे गेल्यावर ती बोलायला लागली. नूतनच्या सासूबद्दल, बाळाच्या नावाबद्दल. कितीतरी दिवसांनी ती अशी उगीचच बोलत होती आणि योगराज हूं हूं करत होता.

पर्वत पाटियाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो उभे होते. योगराजने वेग कमी केला होता. समोर काही नव्हतं. रस्ता मोकळा होता.

पाठीला ओझं टेकलं. जोरात, पूर्ण अंगाने.

त्याच्या बोटांनी विचार केला नाही. दोन्ही ब्रेक लागले, पुढचा दाबत, मागचा हलका, आणि त्याच वेळी दोन टेम्पोंच्या फटीतून गाठींनी भरलेली हातगाडी भस्सकन रस्त्यावर आली. ढकलणाऱ्याला गाठींच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. मोटरसायकल सरळ रेषेत, जराही न हेलकावता, हातगाडीच्या लोखंडी दांड्यापासून हातभर अंतरावर थांबली. दांडा बरोबर योगराजच्या छातीच्या उंचीवर होता.

हातगाडीवाल्याने जीभ चावली, कपाळाला हात लावला आणि हातगाडी ढकलत निघून गेला. मागे हॉर्न वाजायला लागले. योगराजला वळून पाहायचं धैर्य होईना. मागची सीट.

मग मागून हसू आलं. सुषमाचं, खळखळून, डोळ्यांत पाणी आल्यावर येतं तसं.

"देखा?" ती त्याच्या हेल्मेटपाशी वाकून म्हणाली. "मी जरासुद्धा हालनू नही. आते तुमले कळस, मागे मी शे ते."

सगळं फिटलं, योगराजला वाटलं. हातगाडी त्याला दिसलीच नव्हती, पण ते जाऊ दे. ती बसली आहे, हसते आहे, पडली नाही.

"पण आते हात सोडा ना मन्हा," सुषमा लाजून म्हणाली. "घरपासून धरी ठेयेल शे. लोके देखतस. बांगडी रुतस माले."

योगराजने खाली पाहिलं. त्याच्या पोटावर सुषमाचा उजवा हात होता. मनगटाजवळ हिरव्या बांगड्या कातडीत दाबल्या गेल्या होत्या. त्यांच्या वर, हाताच्या पाठीवर, चार पांढुरके खळगे पडले होते, एकाशेजारी एक, कुणी घट्ट धरल्यावर बोटांखाली पडतात तसे. त्याच्या डोळ्यांदेखत ते थोडे आणखी खोल गेले.

त्याचे दोन्ही हात हँडलवर होते. दोन बोटं अजून ब्रेकवर होती. सुषमाला ती मागून दिसत नव्हती.

मागचा टेम्पोवाला हॉर्न सोडायला तयार नव्हता. एक शब्द बोलायचा, की ती आत्ता इथे उतरेल आणि पुन्हा कधी बसणार नाही. उतरता आलं तर.

"पोचल्यावर सोडतो," तो म्हणाला.

"बरं," सुषमा म्हणाली आणि तिने डोकं त्याच्या पाठीला टेकवलं. तिच्या आणि त्याच्यामध्ये जे होतं त्याला टेकवलं. योगराजने पहिला गिअर टाकला.